रसारोहण : संशोधनाचा इतिहास
मुळांनी शोषिलेले पाणी प्रकाष्ठातून पानांपर्यंत चढते (रसारोहण) आणि त्यातील बहुतांश त्वग्रंध्रांतून बाष्परूपाने निघून जाते (बाष्पोच्छ्‌वास). स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकून सूर्यफुलाचे झाड वारंवार तोलले व हा व्यय मोजला (१७२७). द्राक्षवेलीच्या छाटलेल्या खोडाला नळी जोडून त्यांनी मूलदाबही मोजला. परंतु बाष्पोच्छ्‌वास जोरात असता तो आढळत नाही. वातावरणीय दाबाने पाणी सु. १० मी. पर्यंतच चढते, काही वृक्ष मात्र १०० मी. हून उंच असतात. त्यामुळे हे कार्य जिवंत कोशिकांचे की निव्वळ भौतिक, हा वाद उद्‌भवला.

खोडातील कोशिका विषाने मारल्यावरही पाणी चढत राहते, असे एडूआर्ट श्ट्रासबुर्गर यांनी १८९१ मध्ये दाखविले. हेन्री डिक्सन व जॉन जोली यांनी डब्लिन येथे समाकर्षण सिद्धांत मांडला (१८९४). त्यानुसार रेणूंच्या परस्पराकर्षणामुळे अखंड राहणारा जलस्तंभ पानांतील बाष्पीभवनाने वर ओढला जातो. उलट, स्पंदन पावणाऱ्या जिवंत कोशिका पाणी वर ढकलतात, असे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये प्रतिपादिले. ते मत सर्वमान्य झाले नाही. १९६५ मध्ये शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबकोठीच्या साहाय्याने फांद्यांतील ऋण दाब मोजला आणि समाकर्षण सिद्धांतास प्रायोगिक बळकटी मिळाली.