संगणक आला, पण लेजरच्या नावानं

फोनवरून दोन सेकंदांत पैसे पाठवणाऱ्या आपल्याला हे खरं वाटणार नाही, पण चाळीसेक वर्षांपूर्वी बँकेत संगणक आणायचा तर आधी युनियनशी बोलावं लागे. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांमध्ये तसा करार झाला. कुठे, किती यंत्रं बसवायची यावर मर्यादा आल्या. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीनं शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला.

मग शाखांमध्ये जे यंत्र आलं त्याचं नाव होतं ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. नावात संगणक नाही, लेजर आहे! त्या काळातली सगळी धास्ती मला या एका नावात दिसते.

ती धास्ती उगाच नव्हती. सुवाच्य अक्षरात नोंदी करायच्या, व्याज काढायचं, संध्याकाळी हिशेब पैशापैशानं जुळवायचा, हेच कारकुनाचं कसब आणि हाच त्याचा मान. यंत्र ते करू लागल्यावर त्यानं काय करायचं? कोणती कळ दाबायची हे प्रशिक्षणात शिकवता येतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र वाटाघाटींच्या टेबलावरच शोधावं लागलं. १९९३ मध्ये पुन्हा करार झाला आणि संगणकीकरणाची वाट रुंदावली.

आज कंपन्या आणि सरकारी खाती एआयचं प्रशिक्षण देताहेत. शिकायलाच हवं. पण त्या कारकुनांचा प्रश्न मी तिथेही विचारेन: हे शिकून झाल्यावर माझं काम कोणतं?