पाटील सिस्टिम्स ते सिरस लॉजिक

मोबाइल फोनमध्ये आवाज घेण्याचे आणि ऐकवण्याचे काम ज्या चिप्स करतात, त्या बनवणाऱ्यांत अमेरिकेतील ऑस्टिन शहरातल्या ‘सिरस लॉजिक’ या कंपनीचे नाव आघाडीवर घेतले जाते. 1981 मध्ये ही कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘पाटील सिस्टिम्स’ होते. प्राध्यापकी करणाऱ्या एका स्थलांतरित मराठी माणसाने ती उभी केली. चार दशकांत तिचे नाव बदलले, गाव बदलले, मुख्य उत्पादनही एकाहून अधिक वेळा बदलले. एवढे बदल पचवून ती उभी राहिली, याचे मोठे श्रेय संस्थापकाने अगदी सुरुवातीला घेतलेल्या एका निर्णयाला द्यावे लागते.

सुहास पाटील यांचा जन्म 1944 मध्ये जमशेदपूरचा. वडील टाटांच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते. भोंग्यावर चालणारा दिवस, शिफ्टवरून परतणारी माणसे, जेवताना निघणारे यंत्रांचे विषय आणि मुलाने इंजिनिअर व्हावे ही घरोघरची इच्छा, असे कारखान्याच्या गावाचे वातावरण असते. नागपूरजवळच्या खापरखेड्यात वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाटील यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. त्याच विषयात त्यांनी 1965 मध्ये खरगपूरच्या आयआयटीची पदवी घेतली. देशातील ही पहिली आयआयटी 1951 मध्ये सुरू झाली होती. तिच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले अनेक विद्यार्थी पुढे परदेशी गेले, त्यांतले पाटील एक.

1965 हे साल अमेरिकेच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरले. देशानुसार कोटा ठरवून आशियाई लोकांना जवळजवळ दार बंद करणारी जुनी पद्धत मोडीत काढणारा कायदा त्या ऑक्टोबरात संमत झाला. अमेरिकेत शिकलेल्या भारतीय इंजिनिअरांना तिथेच राहून काम करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. पाटील त्या सुमारास बॉस्टनजवळच्या एमआयटीत दाखल झाले. जॅक डेनिस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1970 मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ कसा घालायचा, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

या काळात त्यांनी मांडलेले एक कोडे आजही संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. तीन माणसे विडी वळून ओढायला बसली आहेत. एकाकडे फक्त तंबाखू, दुसऱ्याकडे फक्त कागद, तिसऱ्याकडे फक्त काडेपेटी. चौथा माणूस दर खेपेला यांतल्या कोणत्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी वस्तू आहे त्यानेच त्या उचलायच्या, म्हणजे काम पुढे सरकते. चुकीच्या माणसाने एक जरी वस्तू उचलली तरी सगळेच अडकून बसतात. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी अशा कामांचा मेळ घालण्यासाठी सुचवलेल्या ‘सेमाफोर’ या साधनाच्या मर्यादा दाखवण्यासाठी पाटील यांनी हे उदाहरण रचले होते. पुढे डेव्हिड पार्नास यांनी त्यातल्या अटींवर आक्षेप घेतला. तो वादही विषयाला पुढे नेणारा ठरला. एमआयटीत अध्यापन करत असतानाच पाटील यांनी तिथल्या ‘प्रोजेक्ट मॅक’ या नामांकित संगणक प्रकल्पाचे सहायक संचालकपद सांभाळले.

1975 मध्ये ते युटा विद्यापीठात गेले. डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलँड यांच्या कामामुळे संगणकचित्रांच्या क्षेत्रात या विद्यापीठाचा दबदबा होता. पाटील यांनी तिथे हाती घेतलेला प्रश्न वेगळा होता. त्या काळी चिप घडवायची म्हणजे दोन स्वतंत्र कामे असत. आधी चिपने काय करायचे याचा तर्क कागदावर मांडायचा. मग दुसरी माणसे तो आराखडा भूमितीत उतरवत, म्हणजे कोणती तार कुठून न्यायची आणि कोणता ट्रान्झिस्टर कुठे बसवायचा, हे हाताने आखत. यात कित्येक महिने जात आणि चुकाही राहत.

पाटील यांनी ही दोन्ही कामे एकाच आराखड्यात आणली. त्यांच्या पद्धतीत चिपची जागा आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या चौकटींत विभागलेली असे. प्रत्येक चौकटीत 1, 0, एस, आर अशी मोजकी चिन्हे भरायची. कोणत्या चिन्हासाठी सिलिकॉनवर कोणती रचना कोरायची, हे आधीच ठरलेले. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके मांडून झाले की रेघा कुठून जाणार हे जसे ठरून जाते, तसाच हा प्रकार. स्मृतीचे घटकही याच जाळ्यात बसत, म्हणून तिला ‘स्टोरेज लॉजिक अ‍ॅरे’ असे नाव मिळाले. 1979 मध्ये टेरी वेल्च यांच्यासह लिहिलेल्या निबंधातून ही पद्धत जगापुढे आली.

मात्र निबंध छापून आला म्हणजे पद्धत कारखान्यात पोचली असे होत नाही. ती प्रत्यक्ष वापरात आणण्यासाठी पाटील यांनी 1981 मध्ये सॉल्ट लेक सिटीत पाटील सिस्टिम्सची स्थापना केली. हा काळ कसोटीचा होता. चिप उद्योगाचे केंद्र कॅलिफोर्नियात, भांडवल आणि अनुभवी माणसे तिथेच, आणि कंपनीजवळ एक पद्धत होती, पण बाजारात विकता येईल अशी वस्तू नव्हती. शिवाय भारतीय माणूस उत्तम संशोधक असतो, पण कंपनी चालवणे त्याचे काम नव्हे, असा समज त्या वेळच्या भांडवलदारांत रुजलेला होता. तिथे उद्योग उभारू पाहणाऱ्या त्या पिढीतल्या भारतीयांना या अनुभवातून जावे लागले.

1984 मध्ये कंपनीने आपला मुक्काम सिलिकॉन व्हॅलीत हलवला आणि ‘सिरस लॉजिक’ हे नाव धारण केले. इराणहून आलेले कामरान इलाहियन यांची आणि मार्क सिंगर यांची साथ या उभारणीत लाभली, तर भांडवलाच्या बाजूने फ्रेड नाझेम पाठीशी उभे राहिले. 1985 च्या सुरुवातीला पाटील यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची या उद्योगात मुरलेल्या मायकेल हॅकवर्थ यांच्याकडे सोपवली. स्वतःच्या आडनावाने सुरू केलेल्या कंपनीचे नाव बदलू देणे आणि पाठोपाठ तिचा कारभारही दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. पाटील अध्यक्ष म्हणून राहिले आणि तांत्रिक दिशा देत राहिले. कंपनी पुढे संस्था म्हणून वाढली, तिचा पाया या निर्णयाने घातला.

सिरसने स्वतःचा कारखाना काढला नाही. चिपची रचना आपण करायची आणि उत्पादन दुसऱ्यांच्या कारखान्यांत करून घ्यायचे, ही ‘फॅबलेस’ म्हटली जाणारी पद्धत आज सर्रास दिसते. इतरांसाठी चिप्स बनवून देणारी तैवानची टीएसएमसी 1987 मध्ये स्थापन झाली. त्याआधीच ही वाट धरणाऱ्या थोड्या कंपन्यांत सिरस होती. पाटील यांच्या पद्धतीमुळे रचना झपाट्याने तयार होत आणि तेच कंपनीचे बळ ठरले. पहिले यश मिळाले ते हार्ड डिस्कचे नियंत्रण करणाऱ्या चिप्सना. ज्या कामाला पूर्वी सर्किटचा स्वतंत्र बोर्ड लागत असे, ते मोजक्या चिप्समध्ये मावू लागले. पाठोपाठ पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिप्स आल्या.

जून 1989 मध्ये सिरसचे शेअर नॅस्डॅक बाजारात आले. पुढच्या काही वर्षांत संगणक सुरू करताना पडद्यावर सर्वांत आधी ‘सिरस लॉजिक’ ही अक्षरे उमटणे ही अनेकांच्या ओळखीची गोष्ट झाली. त्या ग्राफिक्स चिप्स बाजारातून गेल्यावरही त्यांची नक्कल आभासी संगणक चालवणाऱ्या ‘क्यूईएमयू’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे वापरात राहिली.

स्वतःचा जम बसल्यावर पाटील यांनी मागून येणाऱ्यांचा विचार केला. 1992 मध्ये भारत सरकारच्या एका अधिकाऱ्याला भेटण्यासाठी सिलिकॉन व्हॅलीतले काही भारतीय उद्योजक जमले होते. पाहुण्यांच्या विमानाला उशीर झाला आणि वाट पाहताना गप्पांतून एक गोष्ट पुढे आली : प्रत्येकाने त्याच अडचणी एकट्याने सोसल्या होत्या. त्यातून ‘टाय’ म्हणजे ‘द इंडस आंत्रप्रन्युअर्स’ ही संघटना आकाराला आली. प्रभू गोयल, कंवल रेखी, ए. जे. पटेल आदींसह पाटील तिच्या संस्थापकांत होते आणि सुरुवातीच्या काळात अध्यक्षपदाची धुराही त्यांनी वाहिली. अनुभवी उद्योजकाने नवख्याला वेळ द्यायचा आणि सल्ल्याचे मोल मागायचे नाही, ही संघटनेची रीत पडली.

1990 च्या दशकाच्या मध्यावर सिरसची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि तिथूनच कठीण काळ सुरू झाला. चिप्सचा तुटवडा भासू नये म्हणून कंपनीने आयबीएमबरोबर ‘मायक्रस’ आणि एटी अँड टीच्या चिप विभागाबरोबर ‘सिरेंट’ या उत्पादन भागीदाऱ्या केल्या. कारखाना न ठेवण्याचे मूळ धोरण मोडून केलेला हा खर्च अंगाशी आला. त्रिमितीय ग्राफिक्सच्या शर्यतीत प्रतिस्पर्धी पुढे गेले, तोटा वाढला, माणसे कमी करावी लागली. दशकाच्या अखेरीस कंपनी दोन्ही भागीदाऱ्यांतून बाहेर पडली आणि ग्राफिक्सचा व्यवसायही तिने सोडला.

सावरण्याचे साधन मात्र घरातच होते. 1991 मध्ये सिरसने ऑस्टिनची क्रिस्टल सेमिकंडक्टर ही कंपनी विकत घेतली होती. ध्वनीच्या लहरींचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या चिप्समध्ये तिचा हातखंडा होता. हॅकवर्थ यांच्यानंतर 1999 मध्ये सूत्रे हाती आलेल्या डेव्हिड फ्रेंच यांनी ध्वनीवर भर दिला आणि 2000 मध्ये मुख्यालय ऑस्टिनला नेले. 2007 पासून जेसन रोड यांनी ही दिशा पक्की केली. 2014 मध्ये एडिनबरोची वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स सिरसमध्ये आली.

2021 पासून जॉन फोर्सिथ कंपनीचे नेतृत्व करत आहेत. अलीकडच्या वर्षांत तिची वार्षिक उलाढाल पावणेदोन अब्ज डॉलरच्या वर राहिली आहे. तिच्यातला चार-पंचमांशाहून अधिक वाटा अ‍ॅपल या एकाच ग्राहकाकडून येतो. ही जोखीम ओळखून लॅपटॉप आणि इतर क्षेत्रांत पाय रोवण्याचा तिचा प्रयत्न सुरू आहे. ‘टाय’चाही विस्तार होऊन मुंबई, पुणे आणि नागपूर येथे तिच्या शाखा झाल्या आहेत. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मुलाला कंपनी काढायची झाली, तर मार्ग दाखवणारी माणसे आता तासाभराच्या अंतरावर आहेत. पाटील यांना हा आधार मिळाला नव्हता. त्यांनी तो सोबत्यांसह पुढच्यांसाठी उभा केला आणि स्वतःची कंपनीही इतरांनी चालवावी, वाढवावी अशी घडवली. 1985 नंतर या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीत संस्थापक कधीच नव्हते, तरीही ती चार दशके पुढे जात राहिली.