विमानांची जमिनीवरील टक्कर

उड्डाणाआधी किंवा उतरल्यावर विमान आपल्याच इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून चालत असताना दुसऱ्या विमानाला धडकणे. या चालण्याला वैमानिक ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. विमाने उभी राहतात तो एप्रन, तिथून निघणारा टॅक्सीवे आणि धावपट्टीच्या तोंडाशी आखलेली थांबारेषा, या तीन जागी अशा टकरी मुख्यतः होतात. लहान विमानाचा वेग तेव्हा भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच असतो, त्यामुळे हा प्रकार किरकोळ समजला जातो. तो समज चुकीचा आहे. पुढे फिरणारा प्रोपेलर आणि पंखांत भरलेले पेट्रोल यांना घात करायला वेगाची गरज नसते.

पहिले कारण नजरेचे. फ्लाइंग क्लबांमधल्या सेस्ना १५२ चा पंखविस्तार सुमारे १०.२ मीटर, सेस्ना १७२ चा ११ मीटर, तर दोन इंजिनांच्या डायमंड डीए-४२ चा साडेतेरा मीटरच्या आसपास. वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो, म्हणजे सेस्नातही उजव्या पंखाचे टोक त्याच्यापासून साडेपाच-सहा मीटर दूर असते. उभ्या विमानांच्या रांगेतून जाताना हे अंतर डोळ्यांनी मापणे नवख्याला जमत नाही. ज्या विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यांची गोष्ट आणखी अवघड. त्यांचे नाक आभाळाकडे असते आणि समोरचे काही दिसत नाही. एके काळी आपल्या फ्लाइंग क्लबांत शिकवणीला असलेले हिंदुस्थान एअरक्राफ्टचे ‘पुष्पक’ असेच होते. अशी विमाने नागमोडी चालवतात, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून पुढचे पाहत. २८ जुलै २००६ रोजी अमेरिकेतील ऑशकॉशच्या हवाई मेळाव्यात टीबीएम अॅव्हेंजर हे जुने, अवजड लढाऊ विमान टॅक्सी करत असताना पुढच्या आरव्ही-६ या घरी बांधलेल्या छोट्या विमानावर चढले. त्या छोट्या विमानातील प्रवासी प्रोपेलरखाली दगावला. दोन्ही विमाने उड्डाणाच्या रांगेतच होती.

दुसरे कारण लक्षाचे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच मोठे. विमान चालू असताना चेकलिस्ट वाचणे, रेडिओची वारंवारता बदलणे, गुडघ्यावरच्या नकाशात डोके घालणे. इंजिनाची चाचणी घेताना पार्किंग ब्रेक नीट लागला नसेल, तर विमान हळूच पुढे सरकते आणि आतल्या माणसाचे डोळे मात्र समोरच्या उपकरणांवर खिळलेले असतात. म्हणून विमान हलताक्षणी ब्रेक दाबून पाहायचा, हा पहिल्या तासाचा धडा.

अंधारात हे सगळे आणखी अवघड होते, आणि त्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याला विमानतळ नाही. तिथल्या माणसाला जवळचा विमानतळ म्हणजे नागपूरचा सोनेगाव, आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून घेत आणि परत फिरत. त्या सेवेत वापरलेले डाकोटा विमानही शेपटीखालच्या चाकाचे आणि २९ मीटर पंखविस्ताराचे. अंधारात, एकाच वेळी, एकाच एप्रनवर अशी विमाने फिरवणे हे हातात दिवे घेऊन खुणा करणाऱ्या जमिनीवरच्या माणसांचेही कसब होते. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत, म्हणून इथे त्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनी थांबावे किंवा उजवीकडे वळावे. रस्त्यावर डावी बाजू धरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ही सवय वेगळी लावून घ्यावी लागते. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने थांबावे. परवानगीशिवाय थांबारेषा ओलांडू नये. मात्र विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने टॅक्सीची परवानगी दिली म्हणजे पंखाच्या टोकापलीकडची जागा मोकळी आहे अशी हमी मिळत नाही. ते पाहणे वैमानिकाचेच काम.

मोठी विमानेही सुटत नाहीत. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात दरभंग्याला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचा पंख, धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीसाठी उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाच्या पंखाला लागला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूला केले. कोणी जखमी झाले नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार कोणाला इजा नसेल आणि नुकसान पंखाच्या टोकापुरते किंवा प्रोपेलरपुरते असेल, तर तो ‘अपघात’ धरला जात नाही, ‘घटना’ ठरते. ही वर्गवारी तपासाच्या सोयीची असली तरी तिच्यामुळे या टकरींचे गांभीर्य झाकले जाते.

चुकलेल्या वाटेची किंमत ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दिसली. दाट धुक्यात सेस्ना सायटेशन हे छोटे जेट चुकीच्या टॅक्सीवेने निघाले आणि उड्डाण घेणाऱ्या एमडी-८७ च्या वाटेत आले. जमिनीवरचे रडार बंद होते, खुणा अपुऱ्या होत्या. ११८ माणसे गेली. टॉवर नसलेल्या विमानतळावर रेडिओवरचे बोलणे हाच आधार. इलिनॉयमधील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी उतरणारे बीच १९०० आणि आडव्या धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावू लागलेले किंग एअर एकमेकांवर आदळले. आधी रेडिओवर तिसऱ्याच विमानाच्या वैमानिकाने दिलेले उत्तर किंग एअरचे समजले गेले होते. दोन्ही विमानांतील १४ जण मृत्युमुखी पडले.

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज तिथे वैमानिक घडतात. बारामतीतही शिकवणीची विमाने दिवसभर धावपट्टी आणि टॅक्सीवे वापरतात. मौदा, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातून तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती: चेकलिस्ट वाचायची असेल तर आधी विमान थांबवा, ब्रेक लावा आणि मगच मान खाली घाला.