बायोफीडबॅकची तालमीतील मुळे

नाडीची गती, स्नायूंवरील ताण, त्वचेचे तापमान अशा सहसा लक्षात न येणाऱ्या शरीरक्रिया यंत्राने मोजून त्याच क्षणी खेळाडूला पडद्यावर दाखवायच्या आणि त्या पाहत पाहत त्यांवर ताबा मिळवायला शिकवायचे, या पद्धतीस बायोफीडबॅक म्हणतात. हे नाव १९६९ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे भरलेल्या संशोधकांच्या बैठकीनंतर रूढ झाले. तथापि या विद्येच्या कुळाचा एक धागा बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेपर्यंत जातो. तेथे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून उड्डियान व नौली या पोटाच्या योगक्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या कसोटीवर आणल्या. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो, हे त्यांनी मोजून दाखविले. योगाभ्यासाला आकड्यांची शिस्त लावण्याचे हे काम आजही पुरेसे गौरविले गेलेले नाही.

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक यंत्रे घेऊन भारतात आले. हृदय थांबविल्याचे सांगणाऱ्या योग्यांची मनगटावरील नाडी लुप्त होई, परंतु हृदयाचा विद्युत आलेख चालूच राही. श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते, एवढेच त्यामागचे कारण होते. या निष्कर्षाने चमत्कार गेला, पण श्वास आणि स्नायू यांच्यामार्फत हृदयापर्यंत पोचता येते ही उपयोगाची गोष्ट हाती राहिली. मिनिटाला सुमारे सहा श्वास घेतल्यास श्वासाबरोबर होणारा नाडीचा चढउतार सर्वाधिक वाढतो, आणि खेळाडूंच्या आजच्या बायोफीडबॅक सरावाचा मोठा भाग याच तत्त्वावर उभा आहे. मात्र माहिती चुकीची दिली तर अपाय होतो: लँडर्स यांच्या १९९१ च्या प्रयोगात मेंदूलहरींची योग्य माहिती मिळालेल्या तिरंदाजांचा नेम सुधारला, तर चुकीची मिळालेल्यांचा बिघडला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रा यांच्या तयारीतही या पद्धतीचा वाटा होता.

अशी मोजणी आपल्या तालमींतही उपयोगी पडेल. हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे मल्ल देणाऱ्या लातूर जिल्ह्यात मल्लाचा दम कोठे तुटतो हे वस्तादाला नजरेनेच कळते. नांदेडच्या भाग्यश्री जाधव तर पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेक करून आल्या आहेत. या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने महागड्या प्रयोगशाळेची वाट न पाहता छातीवरचा नाडीमापक पट्टा तालमीत न्यावा आणि वस्तादाच्या नजरेशेजारी त्याची नोंद ठेवावी.