मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना व निद्रानाश

कण्यातील दोन किंवा अधिक मणके एकमेकांशी हाडाने कायमचे सांधले जावेत म्हणून करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियेला स्पायनल फ्यूजन म्हणतात. बोलताना लोक ‘मणक्यात स्क्रू-रॉड टाकले’ असे सांगतात. मणका पुढे सरकणे, मज्जारज्जूची किंवा नसांची वाट अरुंद होणे, कण्याचा बाक, क्षयरोग, अस्थिभंग आणि गाठी ही तिची मुख्य कारणे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वेदना आणि झोपमोड या दोन तक्रारी बहुधा एकत्रच जाणवतात. वेदनेने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने वेदना वाढते, म्हणून त्यांचा विचार व उपचारही एकत्र करावा लागतो.

पार्श्वभूमी : १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या शल्यविशारदांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या पद्धती मांडल्या. कण्याच्या क्षयरोगात मणके ढासळून येणारे कुबड थांबवणे हा त्यांचा हेतू होता. त्या काळी हाड जुळेपर्यंत रुग्णाला अनेक महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवत. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांनी धातूचा रॉड वापरात आणला. पुढे फ्रान्समधील रेमाँ रॉय-कामिय यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडी खांबांतून स्क्रू बसवण्याचे तंत्र रुळवले. धातूच्या या आधारामुळे रुग्णाला बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करता येते आणि गुंतागुंत नसल्यास काही दिवसांत घरी पाठवता येते. त्यामुळे बरे होण्याच्या काळातील बहुतेक रात्री आता रुग्णालयाऐवजी घरी काढाव्या लागतात.

धातूचा आधार तात्पुरता असतो. खरी जोडणी रोपण केलेल्या हाडातून होते आणि तिला साधारण ३ ते ६ महिने, कधी वर्षभर लागते. धूम्रपानाने हाड न जुळण्याचा धोका वाढतो.

वेदनेचे प्रकार : कण्यालगतचे स्नायू बाजूला सारल्याने होणारी वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि पुढील काही आठवड्यांत ओसरत जाते. अंग आखडून एकदम आवळल्यासारखे वाटते ते स्नायूंच्या आकुंचनामुळे. कूस बदलताना ते विशेष जाणवते. रोपणासाठी कमरेच्या हाडातून तुकडा काढला असल्यास तिथली जखम पाठीपेक्षा अधिक दुखू शकते. दीर्घकाळ दबलेली नस मोकळी झाल्यावर पायात मुंग्या, जळजळ किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते आणि ती मंदगतीने कमी होते. मानेची शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने केली असल्यास घसा दुखणे, गिळताना त्रास होणे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठणका लागणे या तक्रारी असतात. प्रत्येक प्रकाराला लागू पडणारे औषध वेगळे असल्याने डॉक्टरांना नुसते ‘दुखते’ एवढेच सांगू नये. कुठे, कसे आणि कोणत्या हालचालीने दुखते हेही सांगावे.

झोपमोडीची कारणे : मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन रात्री गाढ झोप आणि स्वप्नावस्थेची झोप या दोन्ही फार कमी होतात. त्यानंतरच्या काही रात्रींत स्वप्नावस्था उसळून परत येते आणि रुग्णाला ठळक, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात. हा बिघाड सहसा आपोआप सुधारतो. मॉर्फीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या अफूवर्गीय औषधांनी गुंगी येते, पण झोपेची नैसर्गिक रचना बिघडते. उलटी व सूज टाळण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनमुळे एखाद-दोन रात्री डोळा लागत नाही. रुग्णालयात वॉर्डातील दिवे, यंत्रांचे आवाज आणि दर काही तासांनी होणारी रक्तदाबाची तपासणी यांची भर पडते. घरी दिवसा घेतलेल्या डुलक्या, एकाच स्थितीत पडून राहण्याची सक्ती आणि ‘स्क्रू हलला तर?’ ही धास्ती झोपेच्या आड येते. शिवाय रात्री लक्ष गुंतवणारे काही नसते आणि संध्याकाळच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरलेला असतो.

वेदना व झोप यांचा संबंध : रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये द्वार-नियंत्रण सिद्धांत मांडला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत शिरताना कमी-जास्त करता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे नियमन करतात. झोप अपुरी झाली की मेंदूची ही वेदना दाबण्याची क्षमता क्षीण होते आणि तीच जखम अधिक दुखते. म्हणून वाईट रात्रीनंतर वाढलेली वेदना दरवेळी जोडणी बिघडल्याची खूण नसते. हे रुग्णाला आधी समजावून सांगितले, तर भीतीचा मोठा भाग कमी होतो.

औषधोपचार : एकाच जबर औषधावर विसंबण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या मात्रेत एकत्र देण्याचा प्रघात आता रूढ आहे. कंबरेच्या फ्यूजनसाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईआरएएस (एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी) सोसायटीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्याचा पुरस्कार आहे. पॅरासिटामॉल हा त्याचा पाया असतो. निरोगी प्रौढासाठी त्याची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम असून यकृताचा विकार किंवा कमी वजन असल्यास ती आणखी खाली येते. सर्दीच्या आणि ट्रॅमाडॉलच्या अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा घेतली जाण्याचा धोका असतो. दाहशामक वेदनाशामके अधिक मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतल्यास हाड जुळण्यात अडथळा येतो का, याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. नसांच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. त्यांनी चक्कर येते, म्हणून वृद्धांनी रात्री लघवीला उठताना सोबत घ्यावी.

अफूवर्गीय औषधे पहिल्या काही दिवसांपुरती उपयुक्त असतात. भारतात २०१८ पासून ट्रॅमाडॉल हे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. ही औषधे दीर्घकाळ घेतली असल्यास एकदम बंद करू नयेत, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. त्यांच्यासोबत झोपेची गोळी किंवा मद्य घेतल्यास श्वसन मंदावून जीव धोक्यात येऊ शकतो. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली असते आणि कुंथण्याने पाठ आणखी दुखते. म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, तंतुमय आहार आणि डॉक्टरांनी सुचवलेले सारक औषध घ्यावे. वेदनाशामक औषध कळ असह्य होईपर्यंत टाळण्यापेक्षा सुरुवातीला ठरल्या वेळी घेणे हितावह. रात्रीची मात्रा झोपेच्या वेळेशी कशी जुळवावी, हे घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शरीरस्थिती व घरातील व्यवस्था : उताणे निजताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्यास कंबरेवरील ताण कमी होतो. पालथे निजणे टाळावे. कूस बदलताना खांदे, कंबर व गुडघे ओंडक्यासारखे एकसंध वळवावेत. उठताना आधी कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपर व तळहात रेटून धड उचलावे. जमिनीवरच्या गादीवरून उठताना कंबर फार वाकते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे गुडघ्याच्या उंचीचा पलंग बरा. उकिडवे बसावे लागणाऱ्या शौचकुपावर कमोड खुर्ची ठेवावी. मांडी घालून जेवायला बसण्याची सवय असलेल्यांनी डॉक्टर सांगेपर्यंत टेबल-खुर्ची वापरावी. पाणी, औषध, चष्मा, फोन आणि मंद दिव्याचे बटण हाताशी असावे, म्हणजे रात्री वळून ताणावे लागत नाही. वाकणे, पीळ देणे आणि जड उचलणे वर्ज्य असते. चालणे मात्र सुरुवातीपासून हवे : थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा. त्याने वेदना, बद्धकोष्ठता व झोप या तिन्हींना मदत होते.

झोपेसाठी औषधाविना उपाय : दीर्घ निद्रानाशावर संज्ञानात्मक वर्तनोपचार हा पहिल्या पसंतीचा इलाज मानला जातो, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये तशीच शिफारस केली. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, सकाळी उजेडात बसणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर न नेणे आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे हे त्यातले सोपे भाग. झोप न आल्यास अंथरूण सोडावे, हा त्याचा नेहमीचा नियम. उठणेच कष्टाचे असलेल्या रुग्णासाठी तो सैल करून पलंगालगत हातांची खुर्ची ठेवावी आणि थोडा वेळ तिच्यात बसावे. अंथरुणातील तास कमी करण्याचा उपाय पहिल्या आठवड्यांत सहसा वापरत नाहीत, कारण त्याने थकवा व पडण्याचा धोका वाढतो. संथ श्वसन, स्नायू क्रमाने सैल सोडणे आणि ऐकण्यासारखे शांत काही लावणे यांनी शरीराचा ताण उतरतो. रात्री घड्याळ पाहत राहू नये.

तातडीची लक्षणे : ताप, जखमेतून स्राव, पायात नव्याने आलेला अशक्तपणा, लघवी अडणे किंवा मलमूत्रावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा, पोटरीला एका बाजूने सूज, छातीत दुखणे किंवा धाप, आणि बसल्यावर वाढणारी तीव्र डोकेदुखी दिसल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर गळ्याला वाढती सूज किंवा श्वासाचा त्रास झाल्यास लगेच आपत्कालीन विभागात जावे. झोपाळू रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा त्याचा श्वास फार संथ झाला असेल, तर तीही आणीबाणी समजावी.

दीर्घकालीन वाटचाल : बहुतेकांची तीव्र वेदना काही आठवड्यांत ओसरते, उरलेला ताठरपणा अनेक महिने राहू शकतो. ही सुधारणा सरळ रेषेत होत नाही : चार चांगल्या दिवसांनंतर एखादा वाईट दिवस येतो, बहुधा आदल्या दिवशी जास्त हालचाल झाल्याने. शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन शस्त्रक्रियोत्तर वेदना म्हणतात. अशा वेळी हाड न जुळणे, स्क्रू सैल होणे, शेजारच्या मणक्यांवर ताण येणे, जंतुसंसर्ग किंवा नसेची इजा यांचा क्ष-किरण चित्र, सीटी किंवा एमआरआयने शोध घेतात. चित्रात दोष नसतानाही वेदना खरी असू शकते. हालचालीची भीती, नैराश्य आणि साचलेली झोपमोड तिला पोसतात. म्हणून वेदनातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट व मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करणे श्रेयस्कर ठरते. वेदना शून्यावर आणणे हे अशा उपचाराचे माप नसते. रुग्ण किती चालतो, किती वेळ बसू शकतो आणि सलग किती तास झोपतो, यावरून प्रगती मोजली जाते.