औंध संस्थानांतील कामाचा दिवस

वेळ पुरत नाहीं, आणि पुरलाच तर अंगांत शक्ति उरत नाहीं, ही तक्रार शहरांतील घरोघरीं ऐकूं येते. तिच्यावर उतारा सांगणारीं पुस्तकें बहुधा अमेरिकेंतून येतात. फ्रेडरिक टेलर यांचा कारखान्यांतील कामाच्या शास्त्रीय व्यवस्थेवरील ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला. या वाङ्मयाचा तो मूळ पुरुषच म्हणावयाचा. परंतु श्रोतेहो, त्याच सुमारास आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखांत, औंधसारख्या चिमुकल्या संस्थानांत, दोन अगदीं निराळ्या माणसांनीं हाच प्रश्न आपापल्या परीनें हातीं घेतला होता. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

औंधचा मुलूख सलग नव्हता. राजधानीचें गांव आजच्या सातारा जिल्ह्यांत, कुंडल व आटपाडी हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यांत, तर गुणदाळ विजापुराकडे. सारीं मिळून गांवें सत्तरांच्या आसपास. या गादीवर १९०९ सालीं भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि आले. चित्रकला, कीर्तन, ग्रंथप्रकाशन, भांडारकर संस्थेच्या महाभारताला आश्रय, आणि शिवाय राज्यकारभार! एवढे व्याप एका देहानें कसे पेलावे, हा त्यांच्यापुढें केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता.

१८९७ सालीं त्यांनीं युजेन सँडो या पाश्चात्त्य मल्लाचें पुस्तक व साधनें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढें मिरजेचे अधिपति गंगाधरराव पटवर्धन यांच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार ही कांहीं नवी गोष्ट नव्हती. सज्जनगडच्या समर्थांचें नांव परंपरा त्यांच्याशीं जोडते. दुखणें बरें व्हावें म्हणून, नवस फेडावा म्हणून ते घातले जात. कधीं कधीं तर यजमानानें दक्षिणा द्यावी आणि नमस्कार भटजींनीं घालावे, अशीहि सोय असे! बाळासाहेबांनीं मंत्र ठेवले, पण हिशेब देहाचा मांडला. दहा अवस्थांचा एक नमस्कार, श्वासाची शिस्त, संख्या हळूहळू वाढवावयाची आणि खंड पडूं द्यावयाचा नाहीं. जागा धोतर अंथरण्याएवढी. साहित्य नको, सोबती नको, क्रीडांगण नको. पहाटे खर्चिलेला वेळ दिवसभराच्या कामांत वसूल होतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख असे. १९२८ सालीं त्यांनीं या विषयावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि १९३८ सालीं लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनीं त्यांची पद्धति लंडनच्या वाचकांपुढें मांडली.

संस्थानच्या शाळांतून मात्र नमस्कार सक्तीचे झाले, आणि येथें माझें मन थोडें अडखळतें. स्वतःची शक्ति वाढविण्यासाठीं स्वतः घेतलेलें व्रत आणि राजाज्ञेनें अंगावर आलेलें व्रत यांत अंतर आहे. पुढें नमस्कारांचें खूळच महाराष्ट्रांत एवढें वाढलें कीं १९३३ च्या सुमारास आचार्य अत्रे यांनीं ‘साष्टांग नमस्कार’ नाटकांत त्याची यथेच्छ थट्टा केली.

दुसरे गृहस्थ लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंगांधळेपणामुळें चित्रकलेचा अभ्यास सुटला, मुंबईच्या तांत्रिक शिक्षणसंस्थेंत कांहीं काळ अध्यापकी केली, मग बेळगांवीं सायकलींचें दुकान आणि पाठोपाठ लहानसा कारखाना काढला. तेथील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हां बाळासाहेबांनीं त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांखेरीज त्या माळावर कांहीं नव्हतें. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसूं लागली.

कारखान्याला माणसें हवीं होतीं, आणि तीं आसपासच्या शेतकरी गांवांतलीं होतीं. आतां शेतकऱ्याचा दिवस घड्याळावर चालत नसे. सूर्य कासराभर वर आला, जनावरें परतलीं, अशी त्याची मोजणी. काम निघालें कीं रात्र, नाहींतर विसांवा. घड्याळाचें तरी एकमत कोठें होतें? हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली. त्यापूर्वीं आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवत, आणि मुंबई शहर तर स्वतःची, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटें मागची वेळ थेट १९५५ पर्यंत कवटाळून बसलें होतें. म्हणजे त्या माळावर पहिली भट्टी पेटली तेव्हां देशाची एक वेळ अवघी चार वर्षांची होती. ठरल्या क्षणीं शंभर हातांनीं एकदम कामाला लागणें ही गोष्ट या माणसांना लोखंड ओतण्याइतकीच नवी होती.

लक्ष्मणरावांची युक्ति टेलर यांच्याहून वेगळी दिसते. टेलर हातांत सेकंदमापी घड्याळ घेऊन कामगाराची एकेक हालचाल मोजीत. येथें कारखान्याभोंवतीं गांवच उभारलें. घर, पाणी, शाळा आणि काम हीं सारीं पायीं जाण्याच्या अंतरावर आलीं. आज लोकलगाडींत रोज दोन-तीन तास उभें राहणाऱ्या कारकुनाला विचारावें, म्हणजे या योजनेचें मोल कळेल. मालहि असा कीं दुसऱ्याचे श्रम वांचावे: कडबा कापण्याचें यंत्र, आणि लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते, या समजुतीमुळें शेतकरी आरंभीं त्या नांगराला हात लावीनात, हा भाग निराळा.

ब्रिटिश मुलखांत पुरुष कामगाराच्या तासांवर पहिली मर्यादा १९११ च्या कायद्यानें आली, तीहि कापडगिरण्यांपुरती आणि दिवसाला १२ तासांची. १९२२ सालीं आठवड्याला ६० तास, १९३४ सालीं बारमाही कारखान्यांना ५४, आणि १९४६ सालीं ४८. ज्याचे दिवसाचे १२ तास दुसऱ्याच्या मालकीचे, त्याला पहाटेच्या पंचवीस नमस्कारांचा उपदेश करणें मला निर्दयपणाचें वाटतें. शक्ति राखण्याचा प्रश्न प्रथम तासांचा आहे, मग व्यायामाचा.

बाळासाहेबांना याची जाणीव असावी, असें त्यांची पुढील वाटचाल पाहून वाटतें. १९३९ च्या जानेवारींत त्यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें सत्ता ग्रामपंचायतींच्या हातीं सोपविणारी राज्यघटना दिली. तिच्या घडणींत मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनियर होता. त्याच सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. तेथें शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, पहाऱ्याशिवाय शेती करीत, बायकामुलांसह राहत. किर्लोस्करवाडींत लक्ष्मणरावांनींहि शिक्षा भोगून आलेल्या कांहीं माणसांना रखवालीचें काम दिलें होतें. ज्याच्या दिवसाचा क्षणन्‌ क्षण तुरुंगानें वांटून दिलेला, त्याला आपला दिवस आपणच आंखावयास सांगणें हें औंधचें सर्वांत धाडसी पाऊल, असें माझें मत आहे. शांतारामबापूंचा ‘दो आंखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेंत शिकलेले.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढच्या वर्षीं कुंडल-आटपाडीचा भाग दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यांत आला. त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. बाळासाहेब १९५१ सालीं वारले, लक्ष्मणराव १९५६ सालीं. कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर आतां किर्लोस्करवाडी असें लिहिलेलें आहे.