काचेंतील समुद्र

पोवळें म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांना जवाहिऱ्याचें दुकान आठवतें. नवरत्नांच्या पंक्तींत बसलेली ही वस्तु पाषाण नव्हे आणि वनस्पतीहि नव्हे. सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीनें कण कण चुना जमवून रचलेलें तें घर आहे. ही गोष्ट युरोपांतील पंडितांनाहि अठराव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हती. ते पोवळ्याला समुद्रांतील झाड समजत. मार्सेल्सचा वैद्य पेसोनेल ह्यानें ताज्या पोवळ्याची फांदी समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेवून पाहिली, आणि लोक जीं फुलें समजतात तीं फुलें नसून प्राणी आहेत, असा निर्णय दिला. पॅरिसच्या विद्वन्मंडळींना तो पटला नाहीं; पुढें तोच खरा ठरला. पोवळ्याचें स्वरूप कळलें तें भांडेंभर समुद्र समोर ठेवून पाहिल्यामुळें. त्या भांड्याची पुढें काचेची टाकी झाली, आणि आज घरोघरच्या हौशी लोकांच्या टाक्यांत पोवळीं वाढतात व माशांचे थवे फिरतात. हा इतिहास वरवर पाहतां हौसेचा आहे. परंतु मनुष्य ज्यावर मोहित होतो त्याची तो राखण करतो कीं लूट, हा प्रश्न त्यांत पहिल्यापासून गुंतलेला आहे.

१८४६ सालीं ॲना थिन् नांवाच्या एका विदुषी इंग्लंडांतील टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोवळीं लंडनला घेऊन आल्या. त्यांचे पति वेस्टमिन्स्टर ॲबींत धर्माधिकारी होते; समुद्र तेथून फार दूर. रोज नवें पाणी मिळणें अशक्य, आणि सांचलेल्या पाण्यांत प्राणी गुदमरून मरत. तेव्हां बाईंनीं एक साधी युक्ति योजिली. भांड्यांतील पाणी उघड्या खिडकीपाशीं नेऊन एका पात्रांतून दुसऱ्यांत पुन्हां पुन्हां ओतावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. हें काम घरच्या मोलकरणीकडे आलें. पुढच्या वर्षीं बाईंनीं पाण्यांत समुद्रशैवाल सोडलें आणि पोवळीं वर्षानुवर्षें जगलीं. आजच्या टाकींत जें काम विजेचा पंप करतो, तें प्रथम एका मोलकरणीच्या हातांनीं झालें, हें विसरतां कामा नये.

ह्यानंतरच्या इतिहासांत दोन पिते व दोन पुत्र आपणांस भेटतात.

पहिला पिता रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. त्यानें एका काचपात्रांत दोन सोनमासे, एक पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगाई ठेविल्या. वनस्पति माशांना प्राणवायु देते, मासे वनस्पतीला कर्बवायु देतात, आणि कुजलेलीं पानें गोगलगाई खाऊन टाकतात, असा परस्परांचा समतोल त्यानें १८५० सालीं मांडला. दुसरा पिता फिलिप हेन्री गॉस. हा निसर्गज्ञ, धर्मनिष्ठ आणि विलक्षण रसाळ लेखणीचा मनुष्य. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं गॉसचा ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल कसें करावें हेंहि त्यानें त्याच वर्षीं सांगितलें. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालींच उठला होता. काच स्वस्त झाली होती. गॉसच्या ग्रंथानें हौसेची जणूं सांथ पसरली. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत समुद्रफुलांची टाकी असणें प्रतिष्ठेचें झालें.

आतां पुत्रांकडे वळूं. गॉसचा मुलगा एडमंड पुढें नामांकित साहित्यिक झाला. १९०७ सालीं ‘फादर अँड सन’ ह्या ग्रंथांत त्यानें आपल्या बाळपणाची हकीगत लिहिली. त्यांत बापाबरोबर पाहिलेल्या डेव्हनच्या खडकाळ डबक्यांचें वर्णन आहे, आणि तें सारें वैभव पुढें नष्ट झाल्याचा विषादहि आहे. टोपल्या व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरलेल्या हौशी लोकांनीं तीं डबकीं ओरबाडून रिकामीं केलीं. आणि त्यांना तेथें येण्याची वाट बापाच्याच ग्रंथांनीं दाखविली होती. ह्याची खंत बापाला होती, असें मुलगा सांगतो. सद्‍हेतूनें लिहिलेल्या ग्रंथाचें असें फळ मिळावें ह्यासारखें दुर्दैव दुसरें कोणतें?

वॉरिंग्टनच्या मुलाचेंहि नांव रॉबर्टच. तो शेतकीचा रसायनज्ञ होता, आणि रोथॅमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रांत जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट कसें होतें ह्याचा शोध घेत होता. हें काम सजीव सूक्ष्म जंतूंचें असून तें दोन टप्प्यांनीं घडतें, असें त्याच्या प्रयोगांनीं दिसून आलें. ते जंतु निराळे काढण्याचें श्रेय १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाला मिळालें. मुलगा शेताच्या मातीचा विचार करीत होता. परंतु बापाच्या काचपात्रांत जें कोडें उरलें होतें, त्याचें उत्तर त्यांत होतें. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया विषारी असतो. तो केवळ वनस्पतीनें संपत नाहीं. वाळूंत व खडकांत वसणारे हेच जंतु त्याचा निकाल लावतात.

हें उत्तर टाकींत प्रत्यक्ष उतरविलें तें पूर्वेकडील एका मनुष्यानें. जाकार्ता येथील ली चिन् एंग ह्यानें समुद्रांतील सच्छिद्र खडक त्यांवरील जीवसृष्टीसकट उचलून टाकींत मांडले, हवेचे बुडबुडे सोडले, आणि बाकीचें काम निसर्गावर सोंपविलें. त्याच्या टाक्यांत पोवळीं जगत. त्याची ही पद्धति १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकानें जगापुढें मांडली. पुढें जर्मन हौशी लोकांनीं तिला यंत्रांची जोड दिली. बारीक बुडबुड्यांनीं फेंस काढून पाण्यांतील मळ दूर करणें, प्रखर प्रकाश पाडणें, आणि पोवळ्यांना सांगाड्यासाठीं चुना मिळावा म्हणून चुन्याची निवळी थेंब थेंब घालणें, हीं तिचीं मुख्य अंगें. प्रकाशाचें रहस्य दुसऱ्या संशोधकांनीं उकललें होतें. भित्ति रचणाऱ्या पोवळ्याच्या शरीरांत एकपेशी शैवाल राहतें, आणि सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नाचा मोठा वांटा आपल्या यजमानाला देतें. म्हणून अशीं पोवळीं अंधारांत झुरतात.

पोवळ्यांवर माशांचा थवा फिरूं लागला म्हणजे टाकीला खरी शोभा येते. पण येथेंच हौशी मनुष्याची परीक्षा असते. हिरवट-निळ्या क्रोमिस माशांचा थवा समुद्रांत शेंकड्यांनीं असतो. टाकींतील आठदहांत बलवान् मासा दुर्बळाला छळतो आणि थवा एकेकानें ओसरतो. नारिंगी अँथियस माशांत जन्मतः सर्व माद्याच असतात. थव्यांतील नर नाहींसा झाला कीं सर्वांत वरचढ मादी नर बनते. अशा समाजाला जागा लागते आणि दिवसांतून अनेकदां अन्न लागतें. अन्न वाढलें कीं मळ वाढतो, मळ वाढला कीं शेवाळ माजून पोवळीं झाकतें. तरीहि थवा आणि पोवळें ह्यांचें वैर नाहीं. कॅरिबियन समुद्रांत ज्या पोवळ्यांवर दिवसा माशांचे थवे विसावतात, तीं थवा नसलेल्या पोवळ्यांपेक्षां वेगानें वाढतात, असें १९८३ सालीं तीन अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. माशांचा मळ तेथें खत होतो. समुद्र अफाट असल्यामुळें तेथें जें खत ठरतें, तेंच चार हातांच्या टाकींत विष होतें; भेद केवळ प्रमाणाचा आहे.

गॉसच्या मुलाचें दुःख मात्र अद्यापि शिळें झालेलें नाहीं. मूळचा इंडोनेशियांतील बांग्गाई बेटांभोंवतींचाच असलेला एक सुंदर चंदेरी-काळा मासा १९३३ सालीं शास्त्रांत नोंदला गेला. पिल्लें लहान थवे करून समुद्री साळूंच्या कांट्यांत आश्रय घेतात. १९९० नंतर तो हौशी बाजारांत आला, आणि २००७ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत गेला. डेव्हनच्या डबक्यांची कथा दुसऱ्या किनाऱ्यावर पुन्हां घडली. पण ह्याच माशाचा नर अंडीं तोंडांत धरून पिल्लें वाढवितो, म्हणून त्याची पैदास टाकींत सहज होते. पोवळ्याचेंहि तसेंच. त्याची तोडलेली फांदी खडकाला चिकटवली कीं नवी वसाहत उभी राहते, आणि एका हौशी मनुष्याच्या टाकींतून दहांच्या टाक्या भरतात. किनारा ओरबाडण्याची गरजच उरत नाहीं.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रांत आणि लक्षद्वीपांत पोवळीं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं भित्ति रचणाऱ्या पोवळ्यांचा समावेश झाला, आणि तीं समुद्रांतून काढून घरीं आणणें गुन्हा ठरलें. हा निर्बंध योग्यच आहे. दिवाणखान्यांतील काचेपुढें बसून थवा वळतांना पाहणाऱ्या मनुष्यानें स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हें मीं समुद्रांतून उचललें, कीं दुसऱ्या टाकींत वाढलेलें घेतलें? वॉरिंग्टन पितापुत्रांनीं पाणी जिवंत कसें राखावें हें शिकविलें. गॉस पितापुत्रांच्या कथेनें किनारा कसा उजाड होतो हें दाखविलें. काचेंतील समुद्र पाहण्याचा खरा अधिकार हे दोन्ही धडे घेतलेल्यालाच आहे.